‘मॉरिटानिया’ : एका महानौकेचा कार्यकाल

इतिहास म्हटला म्हणजे राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या, लढाया आणि तह, असाच समज आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. परंतु ज्याप्रमाणे कर्त्या पुरुषांना चरित्र असते, त्याप्रमाणे मनुष्याच्या हातून घडलेल्या मोठमोठ्या वस्तूंनाही चरित्र असते. आणि ते नीट उलगडून पाहिले म्हणजे ज्यांची नावे कोणत्याही बखरीत आली नाहीत, अशा हजारो सामान्य माणसांचे कष्ट त्यात दिसू लागतात. आमच्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत यंदा अशाच एका वस्तूचे चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. ही वस्तू म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी अटलांटिक महासागरावर संचार करणारी ‘मॉरिटानिया’ नावाची आगबोट होय.

आगबोट हा विषय महाराष्ट्राला परका नाही. १९१० च्या जुलै महिन्यात मार्सेय बंदरात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी जिच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली, ती ‘मोरिया’ याच काळातली आगबोट. कोकणातील कुटुंबांना तर आगबोटीची ओळख घरच्या माणसासारखी होती. आणि १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना सहाशेहून अधिक उतारूंसह बुडालेल्या ‘रामदास’ बोटीची आठवण आजही अनेक घरांतून निघते. ती ‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडातील स्वान हंटर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती. त्याच कारखान्याने तीस वर्षांपूर्वी ‘मॉरिटानिया’ समुद्रात सोडली होती, हे अनेकांस ठाऊक नसेल.

स्पर्धेचे मूळ

एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिका यांच्यामधील उतारूंची आणि टपालाची वाहतूक मुख्यत्वे ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होती. परंतु १८९७ साली ‘कैसर विल्हेल्म देर ग्रोस’ या जर्मन आगबोटीने वेगाचा उच्चांक हिरावून घेतला, आणि पुढे दहा वर्षे तो जर्मनांकडेच राहिला. अटलांटिक सर्वांत जलद ओलांडणाऱ्या बोटीच्या या मानाला ‘निळी फीत’ असे म्हणत. त्यात भर म्हणून १९०२ साली अमेरिकेतील धनाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन यांनी अनेक जहाज-कंपन्या एका छत्राखाली आणल्या. व्हाइट स्टार ही प्रसिद्ध ब्रिटिश कंपनीही त्यात गेली. आता क्यूनार्ड कंपनीही विकली जाते की काय, अशी धास्ती इंग्लंडात उत्पन्न झाली.

क्यूनार्डचे अध्यक्ष लॉर्ड इन्व्हरक्लाइड हे चतुर गृहस्थ होते. त्यांनी या धास्तीचा उपयोग करून बाल्फोर यांच्या सरकारशी १९०३ साली करार केला. सरकारने दोन मोठ्या आगबोटी बांधण्यासाठी २६ लाख पौंडांचे कर्ज अवघ्या पावणेतीन टक्के व्याजाने द्यावे, शिवाय प्रतिवर्षी दीड लाख पौंड साह्य द्यावे. उलटपक्षी कंपनीने वीस वर्षे ब्रिटिशच राहावे, बोटींनी साडेचोवीस नॉटचा वेग राखावा आणि युद्ध उद्भवल्यास त्या आरमाराच्या स्वाधीन कराव्यात, असे त्याचे स्वरूप होते. या करारातून ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरिटानिया’ या दोन भगिनी जन्मास आल्या. रोमन साम्राज्याच्या दोन जुन्या प्रांतांची नावे त्यांस देण्यात आली. उतारूंची सुखसोय, टपालाची त्वरा, राष्ट्राचा अभिमान आणि युद्धाची तयारी ही चारही कारणे या बोटींच्या मुळाशी एकत्र गुंफली होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढील सर्व कथेत ती पुनःपुन्हा डोके वर काढतात.

टाइन नदीवरील जन्म

‘लुसिटानिया’ स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवर, तर ‘मॉरिटानिया’ इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या काठी वॉल्सएंड येथे बांधली गेली. लांबी ७९० फूट, रुंदी ८८ फूट आणि नोंदलेला भार सुमारे ३२,००० टन. एवढे मोठे जहाज त्यापूर्वी कोणी बांधले नव्हते. म्हणून कारखानदारांनी प्रथम सत्तेचाळीस फुटी लाकडी नमुना तयार करून तो विजेच्या यंत्राने पाण्यात चालवून पाहिला, आणि त्यावरून आकार व पंख्यांची जागा निश्चित केली. मग पोलादी पत्रे एकमेकांवर बसवून लाखो रिव्हेटांनी ते जोडण्याचे काम सुरू झाले. एकाने रिव्हेट भट्टीत लाल करावा, दुसऱ्याने तो झेलून छिद्रात बसवावा, तिसऱ्याने मागून दाबून धरावा आणि इतरांनी हातोड्याने किंवा यंत्राने त्याचे डोके ठोकावे, असा हा सामुदायिक कारभार असे. त्या आवाजाने अनेक कारागीर उतारवयात बहिरे होत.

२० सप्टेंबर १९०६ रोजी रॉक्सबर्गच्या डचेसच्या हस्ते नौका पाण्यात सोडण्याचा विधी झाला. नदी अरुंद असल्याने घसरत जाणारा सांगाडा समोरच्या तीरावर आदळू नये यासाठी जड साखळ्या बांधून त्याचा वेग आवरावा लागला. काठावर कामगारांची कुटुंबे जमली होती. बोट पाण्यात तरली म्हणजे आनंद खरा. परंतु त्याच दिवशी सांगाड्यावरील अनेकांचे काम संपलेले असते, हीही जहाजबांधणीच्या धंद्यातील रीतच होती.

या बोटीचे वैशिष्ट्य तिच्या यंत्रात होते. जुन्या यंत्रात वाफेच्या जोराने दट्ट्या वरखाली होई आणि त्या वरखाली हालचालीचे रूपांतर फिरत्या गतीत करावे लागे. चार्ल्स पार्सन्स या इंजिनियराने वाफ थेट पात्यांवर सोडून, वाऱ्याने पवनचक्की फिरावी त्याप्रमाणे दांडाच फिरवण्याची युक्ती काढली. यालाच टर्बाइन म्हणतात. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाल्यानिमित्त स्पिटहेड येथे आरमाराचे संचलन चालू असता, पार्सन्स यांची शंभर फुटी ‘टर्बिनिया’ युद्धनौकांच्या रांगांमधून अशी भरधाव गेली की, तिला अडवावयास निघालेल्या नौका मागेच राहिल्या. क्यूनार्डने प्रथम १९०५ साली ‘कार्मानिया’ या बोटीवर टर्बाइनची परीक्षा घेतली आणि मग या दोन महानौकांना तीच बसवली. ‘मॉरिटानिया’च्या चार पंख्यांना ती सुमारे ६८,००० अश्वशक्ती पुरवीत असे.

पोटातील अग्नी

टर्बाइन फिरवणारी वाफ येई ती पंचवीस बंबांतून, आणि ते बंब तापत १९२ भट्ट्यांवर. पूर्ण वेगाने जाताना ही बोट दिवसाला सुमारे १,००० टन कोळसा जाळीत असे. म्हणजे प्रत्येक भट्टीच्या तोंडात दिवसाकाठी पाच टनांहून अधिक, आपल्या जुन्या मापाने सुमारे एकशेचाळीस बंगाली मण कोळसा पडे. हा कोळसा कोणतेही यंत्र टाकीत नव्हते. तो माणसाच्या हातातील फावड्याने पडत असे.

बोटीवरील सुमारे आठशे नोकरांपैकी साडेतीनशेहून अधिक माणसे यंत्रखात्यात होती, आणि त्यांतील बहुतेक कोळसा ओढणारे किंवा भट्टीत टाकणारे. चार तास काम व आठ तास विश्रांती अशा पाळ्या रात्रंदिवस चालत. कोठारातून कोळसा ढकलगाडीने भट्टीपर्यंत आणणाऱ्याचे काम सर्वांत हलके समजले जाई. पण ते सर्वांत जड होते. प्रवासाच्या पहिल्या दिवशी कोळसा जवळ असे, आणि जसजसे दिवस जात तसतसा तो दूर कोपऱ्यांतून आणावा लागे. शिवाय एका बाजूचा कोळसा अधिक उपसला गेला तर बोट कलण्याचे भय; तेव्हा दोन्ही बाजू तोलून उपसणे हेही त्याचेच काम. कोठारात उजेड नाममात्र, हवा कोंडलेली आणि पायाखाली हालणारे जहाज.

भट्टीवाल्याचे काम केवळ बळाचे नव्हे, ते कसबाचेही असे. कोळसा सारखा पसरला पाहिजे, लांब सळईने विस्तव खालून उचलून मोकळा केला पाहिजे, वितळून घट्ट झालेला खंगर फोडून बाहेर ओढला पाहिजे, आणि हे सर्व भट्टीचे दार क्षणभरच उघडे ठेवून. कारण दार उघडे राहिले की थंड हवा आत जाऊन वाफेचा जोर उतरतो. त्या काळच्या मोठ्या आगबोटींत कोणत्या भट्टीला केव्हा कोळसा द्यावयाचा हे घंटा वाजवून कळवणारे यंत्रही असे. घंटा वाजली की दार उघडावे, पुढची वाजली की पुढचे. वादळात बोट डोलू लागली म्हणजे उघड्या भट्टीपुढे तोल सांभाळून उभे राहणे किती कठीण, याची कल्पना स्वयंपाकघरात चुलीपुढे बसणाऱ्या आमच्या भगिनींना पुरुषांहून अधिक चांगली येईल.

ही माणसे बहुधा लिव्हरपूल बंदराच्या गरीब वस्तीतील, आणि त्यांत आयरिश वंशाचे अनेक होते. वरच्या मजल्यावरील उतारूंना ती सहसा दिसत नसत. ब्रिज या उंच स्थानावरून कप्तान वेगाची आज्ञा देई. ती आज्ञा खरी होई ती पाण्याच्या पातळीखाली, उघड्या अंगाने उभ्या असलेल्या या लोकांच्या हातांनी. २६ नॉटचा वेग म्हणून जगाने ज्याची वाहवा केली, तो त्यांच्या फावड्यांचा वेग होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कोकण किनाऱ्याचा संबंध

येथे थोडे विषयांतर करून आपल्या किनाऱ्याकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटते. ‘मॉरिटानिया’वर ब्रिटिश व आयरिश नोकर होते, परंतु मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर हेच काम हिंदी माणसे करीत. त्यांस ‘लस्कर’ म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे पन्नास हजार हिंदी नोकर होते. डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडील आणि गुजरात-काठेवाडकडील पुष्कळ, भट्ट्यांवर पंजाब व सरहद्दीकडील, आणि स्वयंपाक व खानसामेपणा करणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती, अशी ढोबळ वाटणी असे. सारंग, तांडेल, कसाब, आगवाला, कोळसेवाला, तेलवाला, भंडारी ही त्यांच्या हुद्द्यांची नावे इंग्रज अधिकाऱ्यांच्याही तोंडी बसली होती. गोवेकर खलाशी मुंबईत आल्यावर आपापल्या गावाच्या ‘कुडा’त उतरत आणि पुढील बोटीची वाट पाहत. याच कामासाठी गोऱ्या खलाशास जे वेतन मिळे, त्याचा लहानसा अंशच या लोकांच्या पदरी पडे, आणि राहण्याची जागाही त्यांना कमी मिळे.

मुंबईत मशीद बंदर भागात हिंदी खलाशांचे जे विश्रामगृह आहे, तेथे पहिल्या महायुद्धात समुद्रावर मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. आमच्या वाचकांपैकी जे त्या बाजूस जात असतील, त्यांनी क्षणभर तेथे थांबावे अशी आमची विनंती आहे.

वरचे मजले, खालचे मजले

आता पुन्हा ‘मॉरिटानिया’कडे वळू. बोटीवर सुमारे ५६० उतारू पहिल्या वर्गाचे, ४६० दुसऱ्या वर्गाचे आणि ११०० हून अधिक तिसऱ्या वर्गाचे मावत. पहिल्या वर्गाची सजावट हॅरॉल्ड पेटो या वास्तुकाराने केली होती. अठ्ठावीस प्रकारची लाकडे, कोरीव काम केलेल्या तक्तपोशी भिंती, घुमटाखालचे भोजनगृह, विजेचे पाळणे आणि पुस्तकालय असा सारा थाट होता. बिनतारी तारायंत्राने आलेल्या बातम्यांचे छोटे वृत्तपत्र बोटीवरच छापले जाई. महासागराच्या मध्यावर सकाळी चहाबरोबर जगाची वार्ता मिळणे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

तिसऱ्या वर्गात थाट नव्हता, पण आशा होती. आयर्लंडचे शेतकरी, स्कँडिनेव्हियातील मजूर, पूर्व युरोपातून छळाला कंटाळून निघालेली ज्यू कुटुंबे असे नाना लोक आपल्या गाठोड्यांसह लांबच लांब मेजांवर एकत्र जेवत. पूर्वीच्या जहाजांत अशा उतारूंना भांडीकुंडी स्वतः आणावी लागत. या बोटीवर त्यांस शिजलेले अन्न आणि स्वच्छ खोल्या मिळत. न्यूयॉर्क बंदरात पोहोचल्यावर मात्र भेद स्पष्ट होई. पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच आटोपे. तिसऱ्या वर्गाच्या लोकांना लहान होडीने एलिस बेटावर नेऊन डॉक्टरांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे उभे करीत. डोळ्यांचा रोग आढळला तर मनुष्य परत पाठविला जाई, मग त्याची बायकामुले आत गेलेली का असेनात. ‘मॉरिटानिया’चे पहिले पर्यटन ज्या १९०७ साली झाले, त्या एका वर्षात एलिस बेटावरून दहा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत शिरली. या गरिबांच्या तिकिटांचे पैसे कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होते. वरच्या मजल्यावरील झुंबरे खालच्या मजल्यावरील गाठोड्यांनी तोलून धरली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

वेळापत्रकाची शिस्त

१६ नोव्हेंबर १९०७ रोजी ‘मॉरिटानिया’ लिव्हरपूलहून पहिल्या प्रवासास निघाली. वाटेत मोठे वादळ झाले आणि पुढील भागावर बांधलेला जादा नांगर सुटून डेकवर आपटू लागला. जीव धोक्यात घालून खलाशांनी तो पुन्हा जखडला. जाताना विक्रम साधला नाही; परंतु परतताना तिने पूर्वेकडील प्रवासाचा उच्चांक गाठला. पुढे पंख्यांत सुधारणा झाली, आणि १९०९ च्या सप्टेंबरात तिने चार दिवस अकरा तासांच्या आत, सरासरी २६.०६ नॉट वेगाने अटलांटिक ओलांडला. हा मान तिच्याकडे पुढे वीस वर्षे राहिला.

परंतु आगबोटीचा खरा कस उच्चांकात नसून नित्यक्रमात लागतो. बंदरात पोहोचताच उतारू उतरावेत, टपालाच्या थैल्या जाव्यात, हजारो चादरी-टॉवेल धुण्यास पाठवावेत, भाजीपाला, मांस, पीठ, दूध भरावे, भट्ट्या व नळ्या साफ कराव्यात आणि कोळसा भरावा. कोळसा भरण्याचे काम सर्वांत किळसवाणे. तराफ्यांवरून आणलेला कोळसा बोटीच्या कडेच्या दारांतून आत ओतला जाई आणि काळी धूळ सर्वत्र पसरे. पडदे, गालिचे झाकून ठेवावे लागत आणि नंतर सारी बोट धुऊन काढावी लागे. पहिल्या वर्गाचा उतारू चढे तेव्हा त्या धुळीचा मागमूसही दिसता कामा नये, हा दंडक होता.

१९१० च्या डिसेंबरात नाताळपूर्वी लोकांना घरी आणण्यासाठी कंपनीने बारा दिवसांत न्यूयॉर्कला जाऊन परत येण्याची प्रतिज्ञा केली, आणि ती पुरी झाली. वृत्तपत्रांनी बोटीचे कौतुक केले. न्यूयॉर्कच्या त्या अल्प मुक्कामात रात्रंदिवस कोळसा भरणाऱ्या आणि लगोलग परतीच्या पाळीस उभ्या राहणाऱ्या माणसांचा नाताळ कसा गेला असेल, याचा विचार फारसा कोणी केला नाही. १९१४ च्या जानेवारीत लिव्हरपूल येथे दुरुस्ती चालू असता वायूचे नळकांडे फुटून चार कामगार प्राणांस मुकले. अशा घटना दोन ओळींत छापल्या जात आणि बोट ठरल्या तारखेस पुन्हा निघे.

युद्धकाळ

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले आणि कराराप्रमाणे बोट सरकारच्या ताब्यात गेली. पण एवढा कोळसा खाणारी, एवढी अवाढव्य नौका लढाऊ गस्तीच्या कामास निरुपयोगी, असे लवकरच कळून आले. ज्या हेतूने सरकारने कर्ज दिले तो अशा रीतीने निष्फळ ठरला. उपयोग झाला तो निराळ्याच कामी. ७ मे १९१५ रोजी भगिनी ‘लुसिटानिया’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडविली आणि जवळजवळ बाराशे माणसे मृत्यू पावली. त्याच महिन्यापासून ‘मॉरिटानिया’ गॅलिपोलीच्या मोहिमेसाठी सैनिक नेऊ लागली. भूमध्य समुद्रात एका पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो वेगामुळे आणि सुकाणू वेळीच फिरवल्यामुळे हुकला. पुढे त्याच वर्षी ती पांढऱ्या रंगाची रुग्णनौका झाली, आणि ज्या तरुणांना तिने रणांगणाकडे नेले होते, त्यांच्याच सोबत्यांना जखमी अवस्थेत परत आणू लागली. १९१८ साली अंगावर चित्रविचित्र पट्टे रंगवून तिने अमेरिकन सैनिक युरोपात आणले आणि युद्ध संपल्यावर त्यांस घरी पोहोचविले.

युद्धकाळात व नंतर दीर्घकाळ तिचे कप्तान होते आर्थर रॉस्ट्रन. १९१२ च्या एप्रिलात ‘टायटॅनिक’च्या सातशेहून अधिक वाचलेल्या उतारूंना ‘कार्पेथिया’ बोटीवर घेणारे ते हेच गृहस्थ. ती ‘कार्पेथिया’देखील वॉल्सएंडच्याच कारखान्यातली.

कोळसा गेला, तेल आले

युद्धानंतर बोटीचे ठाणे लिव्हरपूलहून साउदॅम्पटनला हलले. १९२१ च्या जुलैत बंदरात असता तिला आग लागून आतील भागाची पुष्कळ हानी झाली. दुरुस्तीसाठी तिला टाइन नदीवर जन्मस्थानी नेले, तेव्हाच कंपनीने तिच्या भट्ट्या कोळशाऐवजी तेलावर चालविण्याची व्यवस्था केली. १९२२ च्या मार्चमध्ये ती पुन्हा सेवेत आली.

या बदलाचे मोल कसे करावे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तेल नळीने काही तासांत भरता येई. धूळ नाही, राख नाही, खंगर नाही. बंबाच्या खोलीत आता फावड्याऐवजी झडपा फिरविणारे थोडे लोक पुरत. मनुष्यास पशूप्रमाणे राबविणारे एक काम जगातून नाहीसे होऊ लागले, याबद्दल समाधानच मानले पाहिजे. पण त्या कामावर ज्यांची चूल पेटत होती, त्या शेकडो लोकांचे पुढे काय? कंपनीच्या हिशेबात तो वाचलेला खर्च होता; लिव्हरपूलच्या गल्ल्यांत ती गेलेली मिळकत होती. यंत्राने श्रम वाचतात, परंतु वाचलेल्या श्रमाची भाकर कोणाच्या ताटात पडते, हे यंत्र ठरवीत नाही. ते समाजाला ठरवावे लागते. हा धडा त्या एका बोटीपुरता नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

अमेरिकेने १९२१ आणि १९२४ साली कायदे करून परदेशी लोकांचा लोंढा अडविला. तिसऱ्या वर्गाच्या खोल्या ओस पडल्या. कंपन्यांनी त्या थोड्या सुधारून विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी प्रवासी यांस स्वस्त दराने देऊ केल्या. जेथे पूर्वी देश सोडून जाणाऱ्यांचे अश्रू पडले, तेथे आता सुट्टीच्या सहली निघू लागल्या.

अखेरचा प्रवास

१९२९ च्या जुलैत जर्मनीच्या नव्या ‘ब्रेमेन’ने निळी फीत घेतली. त्यानंतर पुढच्याच महिन्यात बावीस वर्षांच्या ‘मॉरिटानिया’ने सर्व शक्ती पणास लावून सरासरी २७.२२ नॉट वेग गाठला. ‘ब्रेमेन’ला ती हरवू शकली नाही, पण तारुण्यातील स्वतःचा उच्चांक मात्र तिने म्हातारपणी मोडला. हे यश जितके यंत्राचे, तितकेच त्याची वर्षानुवर्षे निगा राखणाऱ्या इंजिनियरांचे व तेलवाल्यांचे होते.

त्याच वर्षी जगावर आर्थिक मंदीचे संकट कोसळले. महानौकेला पांढरा रंग देऊन तिला वेस्ट इंडीजकडील सहलींवर पाठविण्यात येऊ लागले. १९३४ साली सरकारी साह्याच्या अटीने क्यूनार्ड आणि व्हाइट स्टार या जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या. ज्या चुरशीतून ‘मॉरिटानिया’ जन्मली होती, तीच संपुष्टात आली. २६ सप्टेंबर १९३४ रोजी तिने न्यूयॉर्क बंदराचा शेवटचा निरोप घेतला. त्याच दिवशी स्कॉटलंडमध्ये नवी ‘क्वीन मेरी’ पाण्यात सोडण्यात आली.

१९३५ च्या मे महिन्यात साउदॅम्पटन येथे तिच्या सामानाचा लिलाव झाला. कोरीव लाकडी भिंती, दिवे, घंटा, नावाची अक्षरेदेखील लोकांनी विकत नेली; काही लाकूडकाम ब्रिस्टल शहरातील एका इमारतीत गेले. १ जुलै रोजी ती भंगाराच्या गोदीकडे निघाली. वाटेत टाइन नदीच्या मुखापाशी ती थोडा वेळ थांबली, तेव्हा तिला पाहण्यासाठी किनाऱ्यावर आणि होड्यांतून लोक लोटले. ज्यांनी तिचे रिव्हेट ठोकले, त्यांतील अनेकांना आता काम नव्हते. वॉल्सएंडसमोरच्या तीरावरील जॅरो गावचा जहाजकारखाना १९३३ साली बंद पडला होता, आणि १९३६ साली त्याच गावचे सुमारे दोनशे बेकार कामगार काम मागण्यासाठी पायी लंडनला गेले. अशा लोकांपुढून त्यांच्याच हातचे जहाज मोडावयास जात होते. ४ जुलै १९३५ रोजी ती रोसाइथ येथे पोहोचली. फोर्थ नदीवरील पुलाखालून जाता यावे म्हणून तिच्या डोलकाठ्या आधीच कापल्या होत्या. तेथे ती तुकड्यातुकड्यांनी मोडण्यात आली.

उपसंहार

सत्तावीस वर्षांच्या या कार्यकालाचा विचार करता काही गोष्टी मनावर ठसतात. बोट बांधण्यामागे राष्ट्राभिमान होता. पण तिला चालविले पोटाने. तिच्यावर श्रीमंतांची शोभा होती. पण तिला पोसले गरिबांच्या तिकिटांनी. तिचे कप्तान, तिचे वेग, तिच्या तारखा सर्व नोंदल्या गेल्या. परंतु भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसांची नावे नोकरांच्या पटावर राहिली आणि पट कपाटात. मुंबईच्या खलाशी-स्मारकावरील नावे ज्या घरांची आहेत, त्या घरांतही ती स्मृती किती टिकली असेल, कोण जाणे.

म्हणून आमच्या ज्ञातीतील कुटुंबांस आमचे एवढेच सांगणे आहे. प्रत्येक घरात कष्ट करून गेलेला कोणी तरी पूर्वज असतोच. कोणी गिरणीत राबला असेल, कोणी रेल्वेत, कोणी गोदीत, कोणी दुकानाच्या पेढीवर. आणि घरातील स्त्रियांनी जे श्रम केले त्यांची तर कोणत्याच वहीत नोंद नाही. त्यांनी कोणते काम केले, कोणत्या हत्याराने केले, किती वेतन मिळाले, कोणते शब्द त्या धंद्यात चालत, हे जाणते लोक हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे. मोठे ग्रंथ लिहिण्याची आवश्यकता नाही. शाळकरी मुलाच्या वहीची चार पाने पुरेत. अशी पाने कोणी धाडली तर पुढील वर्षांच्या स्मरणिकेत त्यांस मानाचे स्थान मिळेल. महानौकांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ आहेत. भट्टीवाल्याचे चरित्र त्याच्या घरच्यांनीच लिहावयाचे असते.